गुळाची काहील, दुधाचे पातेले आणि उष्णतामानाचा खरा आकडा



ऊस तोडणीला आला की गुऱ्हाळे पेटतात. वर्षभर राखलेला ऊस, त्याला घातलेले खत-पाणी, मजुरी, सोसायटीचे कर्ज, या सगळ्याचा निकाल काहिलीतील शेवटच्या काही मिनिटांत लागतो. पाक थोडा कच्चा उतरला तर गूळ मऊ राहतो, ढेप धरत नाही आणि पावसाळ्यात पाझरू लागतो. थोडा जास्त शिजला तर तो काळवंडतो व कडवट लागतो. गूळ काळा होईल व भाव पडेल या भीतीने पुष्कळ जण उकळत्या रसात हायड्रॉसची पूड टाकतात. रंग उजळतो खरा, पण गंधकाचा अंश गुळात उरतो आणि तो आपल्याच लेकरांच्या पोटात जातो. म्हणून पाक नेमका कधी उतरवावा हा प्रश्न शेतीचाही आहे आणि आरोग्याचाही आहे.

जाणता गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडतो, त्याची गोळी बोटांत वळून पाहतो आणि उतरवण्याचा इशारा देतो. ती विद्या मोठी आहे. परंतु असा गुळव्या आता गावोगाव मिळत नाही. मिळाला तरी एका रात्रीत चार ठिकाणी तो पुरा पडत नाही. अशा वेळी आय.टी.आय. शिकलेला घरचा मुलगा थर्मोकपलची सळई व टेबलावर ठेवायचा डिजिटल मल्टिमीटर घेऊन येतो आणि म्हणतो, "आपण मोजून बघू." मोजतो, तर पाक तयार झालेला असताना आकडा निघतो ८४ अंश! मंडळी हसतात व मीटर पुन्हा खोक्यात जातो.

मीटर बिघडलेला नसतो. तो अर्धा हिशेब सांगतो व उरलेला अर्धा हिशेब आपण करायचा असतो. तो कसा करावा हे या पाठात पाहू. पाठ थोडा आकड्यांचा आहे, पण दुधाचा व उसाचा हिशेब ठेवणाऱ्याला जड जाऊ नये.

१. थर्मोकपल म्हणजे काय?

दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा घेऊन त्यांचे एक टोक एकत्र जोडावे आणि ते जोडलेले टोक तापवावे. तारांच्या मोकळ्या टोकांमध्ये अगदी अल्प वीजदाब निर्माण होतो. १८२१ साली सीबेक या शास्त्रज्ञाला हा गुण आढळला. दोन धातूंच्या कड्याचा एक सांधा तापवला असता जवळची होकायंत्राची सुई हलते, असे त्याने पाहिले. त्याला तो चुंबकत्वाचाच प्रकार वाटला. प्रत्यक्षात कड्यात वीज वाहत होती व तिच्यामुळे सुई हलत होती.

आज बाजारात सर्वांत सहज मिळते ते 'के' जातीचे थर्मोकपल. त्याची एक तार निकेल व क्रोमियमची असते. दुसरी मुख्यतः निकेलची असून तिच्यात थोडे ॲल्युमिनियम व इतर धातू असतात. एका अंशाच्या फरकाला ते सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट दाब देते. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. घड्याळातील दीड व्होल्टचा सेल डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा दाब किती लहान आहे हे कळेल.

पारा भरलेला काचेचा थर्मामीटर का वापरू नये, असे कोणी विचारील. तो काहिलीत फुटला तर काच व पारा दोन्ही गुळात जातात आणि सबंध काहील टाकून द्यावी लागते. स्टेनलेस स्टीलच्या बंद नळीतील थर्मोकपल फुटत नाही.

२. मीटर काय दाखवतो?

आता मुख्य मुद्दा. थर्मोकपल उष्णतामान सांगत नाही, उष्णतामानातील फरक सांगते. गरम टोक व थंड टोक यांच्यात जेवढा फरक, तेवढा दाब.

थंड टोक कोठे असते? दोन विशेष धातूंच्या तारा संपून जेथे तांबे-पितळ सुरू होते, तेथे. सळईच्या तारा थेट मल्टिमीटरला लावल्या असतील तर मीटरची दोन टर्मिनले हेच थंड टोक होय. ते टोक बर्फासारखे थंड नसते. गुऱ्हाळाच्या मांडवात ते ३०-३२ अंशांवर असते. म्हणजे टर्मिनलांच्या ३२ अंशांपासून वरचा भागच मीटर मोजतो. खालचे ३२ अंश त्याच्या हिशेबातच येत नाहीत.

वजनाचे उदाहरण घ्या. पोत्यासकट धान्य तोलले तर पोत्याचे वजन वजा करावे लागते. येथे उलट आहे. टर्मिनलांजवळचे उष्णतामान सुटलेले असते, म्हणून ते मिळवावे लागते.

३. हिशेब कसा मांडावा?

थर्मोकपलचे तक्ते थंड टोक शून्य अंशावर आहे असे धरून केलेले असतात. 'के' जातीच्या तक्त्यातील आपल्या उपयोगाचे आकडे पुढे देतो. ते वहीत उतरवून घ्यावेत. डावीकडे अंश सेल्सिअस व उजवीकडे मिलिव्होल्ट आहेत. एक मिलिव्होल्ट म्हणजे १००० मायक्रोव्होल्ट.

० अंश – ०.०००
२० अंश – ०.७९८
२५ अंश – १.०००
२८ अंश – १.१२२
३० अंश – १.२०३
३२ अंश – १.२८५
३५ अंश – १.४०७
४० अंश – १.६१२
६० अंश – २.४३६
६३ अंश – २.५६१
७२ अंश – २.९३४
९७ अंश – ३.९७२
९८ अंश – ४.०१३
९९ अंश – ४.०५५
१०० अंश – ४.०९६
१०५ अंश – ४.३०३
११० अंश – ४.५०९
११५ अंश – ४.७१५
११६ अंश – ४.७५६
११८ अंश – ४.८३८
१२० अंश – ४.९२०

मधल्या अंशांसाठी दर अंशाला ०.०४१ मिलिव्होल्ट धरले तरी आपले काम भागते.

रीत अशी आहे:

पहिली पायरी: टर्मिनलांना टेकवून एक साधा, लाल द्रवाचा खोलीचा थर्मामीटर ठेवावा व त्याचा आकडा वाचावा. तापाचा थर्मामीटर येथे चालत नाही. तो साधारण ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो व चढलेला आकडा आपणहून खाली आणत नाही.

दुसरी पायरी: त्या अंशांचे मिलिव्होल्ट तक्त्यातून घ्यावेत.

तिसरी पायरी: मीटरवरील मिलिव्होल्ट त्यांत मिळवावेत.

चौथी पायरी: बेरीज तक्त्यात शोधावी. समोर येईल ते खरे उष्णतामान.

उदाहरण पाहा. टर्मिनलांजवळ ३२ अंश आहेत. तक्त्यातून १.२८५. मीटर ३.४५० दाखवतो. बेरीज ४.७३५. तक्त्यात ११५ ला ४.७१५ व ११६ ला ४.७५६ आहेत. म्हणजे पाक ११५.५ अंशांवर आहे.

बेरीज न करता ३.४५० हाच आकडा कोणी तक्त्यात शोधला तर ८४ अंशांच्या थोडे वर येईल. मंडळी हसली ती याच आकड्याला.

आणखी एक सूचना. बेरीज मिलिव्होल्टांची करावी, अंशांची करू नये. वरच्या उदाहरणात ८४.४ मध्ये ३२ मिळवले तर ११६.४ येतात. खरा आकडा ११५.५ आहे. दर अंशाला मिळणारा दाब सर्वत्र अगदी सारखा नसतो म्हणून ही चूक होते. एका अंशाची चूक इतरत्र चालेल, पाक उतरवताना चालत नाही.

४. बर्फाची रीत

घरी बर्फ मिळत असेल तर बेरीज टाळता येते. थर्मास घ्यावा. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक कुटून त्यात गच्च भरावा व फटी भरतील इतकेच थंड पाणी घालावे. अशा मिश्रणाचे उष्णतामान शून्य अंश असते व बर्फ शिल्लक असेपर्यंत ते तेथेच राहते. बर्फ वर तरंगतो आहे व खाली नुसते पाणी साचले आहे, असे होऊ देऊ नये. तळचे ते पाणी शून्याच्या वर असते.

थर्मोकपलच्या दोन्ही तारा जेथे तांब्याच्या तारांना जोडल्या असतील, ते दोन्ही सांधे एकमेकांना न लागता बारीक, बंद काचनळ्यांत घालून या बर्फात खोल बुडवावेत व पुढे तांब्याच्या तारा मीटरला न्याव्यात. आता थंड टोक खरोखरच शून्यावर आले. मीटरचा आकडा थेट तक्त्यात पाहावा, काही मिळवू नये.

गुऱ्हाळावर रोज हे करणे कठीण. परंतु हंगामाच्या सुरुवातीला एकदा करून आपली बेरजेची रीत व ही रीत जुळते का, ते अवश्य पाहावे.

५. मीटर कोणता व कसा लावावा?

खिशातील साधा साडेतीन आकडी मीटर २०० मिलिव्होल्टच्या पट्ट्यात ०.१ मिलिव्होल्टपेक्षा बारीक दाखवत नाही. ०.१ मिलिव्होल्ट म्हणजे जवळजवळ अडीच अंश. त्याने पाक उतरवता येणार नाही. साडेचार आकडी मीटर ०.०१ मिलिव्होल्ट, म्हणजे पाव अंश दाखवतो. टेबलावरचा साडेपाच आकडी मीटर एक मायक्रोव्होल्टपर्यंत दाखवतो. तंत्रशाळेतून किंवा दुरुस्तीच्या दुकानातून जुना पण चांगल्या स्थितीतील असा मीटर मिळाला तर तो पुरेसा आहे.

मीटर सुरू करून अर्धा ते एक तास तापू द्यावा. लगेच वाचलेला आकडा सरकत राहतो. बटण एकदिश दाबावर, म्हणजे डी. सी. मिलिव्होल्टवर ठेवावे. वाचण्याचा वेग निवडता येत असेल तर संथ वेग निवडावा. त्याने घरच्या विजेचा ५० आवर्तनांचा गोंधळ बराच गाळला जातो.

मग दोन टर्मिनले स्वच्छ तांब्याच्या आखूड तारेने जोडावीत. आकडा शून्यावर किंवा त्याच्या दोन-चार मायक्रोव्होल्ट इकडेतिकडे यावा. जास्त येत असेल तर शून्य करण्याचे बटण याच वेळी वापरावे. टर्मिनलांवरील काळपट थर पुसून काढावा, कारण तांब्यावरचा गंज स्वतःच थोडा वीजदाब देतो.

मीटर चुलवाणापासून दूर, सावलीत व वाऱ्याच्या झोतापासून आडोशाला असावा. एका टर्मिनलावर ऊन आणि दुसऱ्यावर सावली असे झाले तर दोन्हींचे उष्णतामान वेगळे होते व सगळा हिशेब ढासळतो. टर्मिनलांवर थर्मामीटरसकट जाड कापडाची घडी ठेवली तर दोन्ही एका उष्णतामानाला राहतात.

६. तारा व जोड

चुलवाणापासून मीटर दूर ठेवायचा म्हणजे तार लांब हवी. येथे पुष्कळांचा घात होतो. सळईची तार अपुरी पडली की घरात पडलेली तांब्याची तार जोडून देतात. मग थंड टोक मीटरपाशी न राहता त्या सांध्यापाशी येते. सांधा काहिलीजवळ ५० अंशांवर तापलेला असेल व आपण मीटरजवळचे ३० अंश मिळवले, तर आकडा २० अंशांनी कमी येईल. तांब्याची तार जोडण्यावाचून इलाज नसेल तर थर्मामीटर सांध्यापाशी ठेवावा. चांगला मार्ग हा की, 'के' जातीचीच जोडतार आणावी.

त्या तारेतही धन व ऋण सांभाळावे. अमेरिकी पद्धतीत 'के' जातीची धन तार पिवळी व ऋण तार लाल असते. आपला वायरमन लाल म्हणजे धन समजतो आणि उलट जोडतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीत धन हिरवी व ऋण पांढरी असते. शंका असेल तर चुंबक जवळ न्यावा. जी तार चुंबकाला ओढली जाते ती ऋण. मीटरपाशी अदलाबदल झाली तर आकड्यापुढे वजा चिन्ह येते व चूक लगेच दिसते. मधल्या सांध्यापाशी उलटसुलट झाली तर वजा चिन्ह येत नाही, पण चूक दुप्पट होते. वरच्या उदाहरणात २० ऐवजी ४० अंश कमी येतील.

दोन्ही तारा एकमेकींना पिळून न्याव्यात व चरकाच्या मोटारीच्या वायरपासून दूर ठेवाव्यात. आकडा उड्या मारत असेल तर मोटार क्षणभर बंद करून पाहावे, म्हणजे कारण कळते. थर्मोकपल जोडण्यापूर्वी, ते थंड असताना, मीटर ओहमवर ठेवून तपासावे. काही ओहम दिसले तर तार शाबूत आहे. काहीच न दिसले तर ती आत तुटली आहे.

थर्मोकपलची जात पाहूनच तक्ता घ्यावा. 'जे' जातीचे, म्हणजे लोखंडाची एक तार असलेले थर्मोकपल १०० अंशांना ५.२६९ मिलिव्होल्ट देते. तो आकडा 'के' च्या तक्त्यात पाहिला तर १२८ अंशांच्या वर दिसेल आणि पाण्याला आपण जळका पाक समजू.

७. सळई काहिलीत कशी धरावी?

अन्नात बुडवायची सळई बंद स्टेनलेस स्टीलच्या नळीतील असावी. काचतंतूचे आवरण असलेली उघडी तार गुळात किंवा दुधात कधीही घालू नये. तिचे तंतू सुटून अन्नात मिसळतात.

सळईचा निदान दहा जाडींइतका भाग पाकात बुडालेला हवा. तीन मिलिमीटर जाडीची सळई असेल तर तीन सेंटिमीटर, आणि शक्य असेल तर त्याहून जास्त. नुसते टोक बुडवले तर वरच्या भागातून उष्णता निघून जाते व आकडा कमी येतो. टोक काहिलीच्या तळाला लागू देऊ नये, कारण तेथे आगीचे उष्णतामान मिळते. फेसात किंवा वाफेतही ते राहू नये. एका लाकडी फळीला बांधून ती काहिलीच्या काठावर आडवी ठेवली तर दरवेळी एकाच खोलीवर वाचन होते. सळईवर पाकाचा थर सुकला तर तो ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. थर असला की आकडा मागे राहतो.

शेवटी पाण्याचा अंश थोडाच उरलेला असतो व उष्णतामान भराभर चढते. म्हणून ११० अंशांनंतर नजर मीटरवरच असावी व चुलवाणात जळण घालणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे.

८. उकळत्या पाण्याची परीक्षा

बाजारातील साध्या दर्जाच्या 'के' थर्मोकपलला अडीच अंशांपर्यंत चुकण्याची मुभा असते. म्हणून सळईची परीक्षा घरीच घ्यावी. पातेल्यात स्वच्छ पाणी खळखळा उकळवून सळई मधोमध धरावी.

मात्र उकळते पाणी सर्वत्र १०० अंशांवर नसते. जसजसे आपण समुद्रापासून उंच जातो तसतसा हवेचा दाब कमी होतो व पाणी लवकर उकळते. साधारण ३०० मीटर चढले की एक अंश कमी. गोव्याच्या किनाऱ्यावर १००, बडोद्याला जवळजवळ १००, ग्वाल्हेरला ९९ च्या थोडे वर, इंदूर व हैदराबादला ९८ च्या थोडे वर, आणि सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगावात सुमारे ९७.५ अंश.

बेळगावातील उदाहरण घ्या. टर्मिनले २८ अंशांवर आहेत, म्हणजे १.१२२. मीटर २.९१२ दाखवतो. बेरीज ४.०३४. तक्त्याप्रमाणे हे ९८.५ अंश झाले. खरे ९७.५ हवे होते. म्हणजे आपली सळई व मीटर मिळून एक अंश जास्त सांगतात. पाकाच्या वाचनातून एक अंश वजा करावा आणि सळईला चिठ्ठी बांधून त्यावर तसे लिहून ठेवावे.

यातून गुळाविषयी एक महत्त्वाची गोष्ट निघते. पुस्तकांत घट्ट गुळासाठी ११८ अंश व काकवीसाठी १०५ ते १०६ अंश दिलेले असतात. ते पाणी १०० अंशांवर उकळते असे धरून आहेत. पाकाची उकळी पाण्याच्या उकळीपेक्षा किती वर गेली, यावर त्यातील साखरेचे प्रमाण कळते. म्हणून पाण्याच्या उकळीवर १८ अंश, ही घट्ट गुळाची खूण धरावी. बेळगावात ती सुमारे ११५.५ अंशांवर येते. तेथे कोणी पुस्तकाप्रमाणे ११८ ची वाट पाहिली तर गूळ जास्त शिजेल. उसाची जात, जमीन व रसाचा कस यांप्रमाणे एखादा अंश पुढेमागे होतो. म्हणून पहिल्या चार-पाच काहिलींना गुळव्याला शेजारी उभे करावे. त्याने इशारा दिला की आकडा लिहून घ्यावा. मग आपल्या शेताचा आकडा आपल्याला सापडतो, आणि गुळव्याचे ज्ञान वहीत उतरते.

९. दूध: उलट बाजूची चूक

काही मीटरांना उष्णतामानाचे वेगळे बटण असते. ते मीटर टर्मिनलांजवळचे उष्णतामान स्वतःच मोजतात, स्वतःच मिळवतात व थेट अंश दाखवतात. तेथे आपण काही मिळवायचे नाही.

आपला मीटर कोणत्या प्रकारचा हे ओळखण्याची सोपी खूण आहे. थर्मोकपल जोडून सळई तशीच हवेत ठेवावी. मीटरवर खोलीचे उष्णतामान दिसले तर तो स्वतः मिळवतो. शून्याच्या आसपास आकडा दिसला तर मिळवण्याचे काम आपले आहे.

ही खूण न पाहिल्यास काय होते? दही, पनीर किंवा आइस्क्रीम करून विकणाऱ्या घरांत दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवून निर्जंतुक करतात. समजा, मीटर स्वतः मिळवून ३३ अंश दाखवतो आहे. आपण त्यात पुन्हा ३० मिळवले व ६३ झाले असे समजून बसलो. दूध प्रत्यक्षात ३३ अंशांवरच आहे. गाईच्या कासेतून निघाले तेव्हाही ते याहून गरम होते! गुरांचा क्षय व गाभ टाकण्याचा आजार म्हणजे ब्रुसेलोसिस, या दोन्हींचे जंतू अशा दुधातून माणसात येतात.

मिळवायचे विसरलो तर आकडा कमी दिसतो व आपण पदार्थ जास्त तापवतो. गूळ जळतो, नुकसान होते. दोनदा मिळवले तर आकडा जास्त दिसतो व आपण कमी तापवतो. दूध कच्चे राहते, माणूस आजारी पडतो. दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक.

६३ व ७२ हे आकडे गावाच्या उंचीप्रमाणे बदलत नाहीत, कारण येथे जंतू मारायचे आहेत, पाणी आटवायचे नाही. घरच्या पिण्याच्या दुधाला मात्र कोणत्याही मीटरची गरज नाही. ते उकळून घ्यावे.

१०. जिवाची काळजी

टेबलावरचा मीटर घरच्या विजेवर चालतो व गुऱ्हाळात जमीन ओली असते. मीटर कोरड्या लाकडी टेबलावर ठेवावा, तीन पिनांचा प्लग वापरावा, अर्थिंग तपासून घ्यावे व गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच बसवावा. सळई काहिलीला लागली तरी काहिलीतील भटकी वीज मीटरात येऊ नये म्हणून, आतील सांधा नळीपासून अलग असलेली सळई मागून घ्यावी. मीटरपाशी एक, काहिलीपाशी एक, अशी दोन माणसे असावीत. वाचन करता करता उकळत्या काहिलीवर वाकू नये, आणि मुलांना तेथे खेळू देऊ नये.

घरी करण्याचा अभ्यास

एक: टर्मिनलांजवळ २५ अंश आहेत, मीटर १.५६१ मिलिव्होल्ट दाखवतो. दूध किती अंशांवर आहे? (उत्तर: १.००० व १.५६१ मिळून २.५६१, म्हणजे ६३ अंश.)

दोन: आपल्या गावी पाणी किती अंशांवर उकळते ते काढा व त्यात १८ मिळवून आपल्या काहिलीचा आकडा ठरवा.

तीन: एक वही घाला. प्रत्येक काहिलीसाठी टर्मिनलांचे अंश, मीटरचे मिलिव्होल्ट, बेरीज, उतरवतानाचे खरे अंश आणि दुसऱ्या दिवशी गूळ कसा निघाला, अशा पाच नोंदी करा.

हंगाम संपल्यावर ती वही आम्हाला दाखवावी. चार गावांच्या वह्या शेजारी ठेवल्या तर कोणत्या उसाला कोणता आकडा मानवतो, हे सर्वांनाच कळेल, आणि हायड्रॉसच्या पुडीची गरज किती घरांतून कमी झाली तेही समजेल.